पडवळाचा मासा

पडवळात खराट्याच्या काड्या खुपसून त्याचा मासा करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आणि त्या माणसानं जन्मात मासा खाल्ला नव्हता.

रविवारची सकाळ होती. भिंतीपलीकडून घर्र घर्र असा आवाज यायला लागला म्हणून मी चहाचा कप घेऊनच शेजारी गेलो. सिद्रामप्पा पाटावर बसलेले. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, समोर लाकडी फळी आणि फळीवर एक लांबलचक पडवळ आडवं. हातात विजेची सुरी. त्या सुरीची वायर जात्याएवढ्या एका लोखंडी पेटीत शिरलेली.

"मास्तर, बसा. बोलू नका," ते मान वर न करता म्हणाले. "आत्ता पोटाकडनं शिरालोय. काटे लागालेत."

सुरी काटकन अडली. पडवळातून खराट्याची काडी बाहेर आली.

"सालाला मांस चिकटून राहिलं," सिद्रामप्पा हळहळले.

"अप्पा, पडवळाला मांस नसतं."

"तीच तर अडचण आहे की ओ!"

स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचा, शरणम्मांचा, आवाज आला, "त्या पडवळाची भाजी करायची आहे संध्याकाळी. काड्या तेवढ्या मोजून परत द्या म्हणावं."

आता तुम्ही म्हणाल, माणसाचं डोकं फिरलं होतं का? नाही. सिद्रामप्पांचं डोकं आमच्या अख्ख्या बोळात सर्वांत शाबूत होतं. म्हणूनच हे सगळं सुरुवातीपासून सांगायला हवं.

सोलापुरात त्या काळी घराघरातून मागांचा खडखडाट चालायचा, आणि माग म्हटला की मोटार आली, आणि मोटार म्हटली की ती जळणार. जळलेल्या मोटारीची तार काढून नवी तार भरून देणं हा सिद्रामप्पांचा धंदा. लोकांच्या शर्टाच्या खिशाला पेन असतं, यांच्या खिशाला टेस्टर. बँकेत सही करायची वेळ आली की आधी टेस्टर निघायचा, त्याचं टोक कागदावर टेकायचं, मग ते स्वतःशीच "हे नव्हे" म्हणायचे आणि कारकुनाकडं हात पसरायचे.

जगातली कुठलीही गोष्ट त्यांना एकाच मापानं मोजता यायची. लोड. "आधी लोड बघा, मास्तर!" लग्नाला गेले तर नवरीआधी मांडवातल्या वायरी बघायचे. माझ्या भाचीला स्थळ आलं, मुलगा बघून आम्ही परतलो, मी विचारलं, "कसा वाटला?" तर म्हणाले, "चेहऱ्यानं बरा आहे. लोड घेणार नाही." लग्न मोडलं नाही, पण वर्षभरात मुलगा नोकरी सोडून घरी बसला, आणि तेव्हापासून आमच्या बायकोच्या मनात सिद्रामप्पांबद्दल भीतियुक्त आदर होता.

खाण्यापिण्यात मात्र फार कडक. अंडं ठेवणाऱ्या दुकानातून ते बिस्किटं घेत नसत. मासळीबाजार रस्त्यात येतो म्हणून दुकानाला जाताना सायकल भलत्याच पेठेतून फिरवून न्यायचे.

आणि अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीनं कोकणातल्या, खाडीकाठच्या, मासे खाणाऱ्या घरात लग्न केलं.

निम्मी तिचं नाव. शिक्षिका म्हणून तिकडं नेमणूक झाली, तिथंच प्रभाकर नावाचा दुसरा मास्तर भेटला. भला मुलगा. तिनं घरी येऊन सांगितलं तेव्हा भिंतीपलीकडं मी कान लावून बसलो होतो. होय, बसलो होतो. शेजार असतो कशाला? मला वाटलं, आता काहीतरी फुटणार. पण सिद्रामप्पा फक्त "बरं" म्हणाले. मग दुकानात गेले. लग्न कोल्हापुरात, निम्मीच्या मामाकडं झालं. शरणम्मा गेल्या. हे गेले नाहीत. त्या "बरं"नंतर बापलेकीत शब्द झाला नाही. शरणम्मा मधूनमधून भावाकडं कोल्हापूरला जायच्या, निम्मी तिथं यायची, मायलेकी भेटायच्या. परत आल्यावर सिद्रामप्पा काही विचारायचे नाहीत, आणि शरणम्मा काही सांगायच्या नाहीत. म्हणजे त्यांना सांगायच्या नाहीत. पाटा-वरवंट्याला सांगायच्या, तुळशीला सांगायच्या, भांडी घासताना माझ्या बायकोला सांगायच्या, आणि हे सगळं बरोबर सिद्रामप्पांच्या कानाच्या टप्प्यात.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. संध्याकाळी रेडिओवर हवामान लागलं की सिद्रामप्पा उठायचे. "कोकण किनारपट्टीवर..." असे शब्द आले की आवाज मोठा. पुढं सोलापूरचं नाव निघालं की रेडिओ बंद. आम्ही इकडं दुष्काळातून नुकतेच बाहेर पडलेलो, सगळा गाव आपल्या आभाळाकडं डोळे लावून बसलेला, आणि हा माणूस अडीचशे मैलांवरचा पाऊस ऐकून झोपायचा!

त्या उन्हाळ्यात माझी बायको एका लग्नासाठी कोल्हापूरला गेली आणि तिथं तिला निम्मी भेटली. परत आल्यावर तिनं अंगणात, चांगल्या खणखणीत आवाजात, शरणम्मांना सांगितलं, "पोर बरी आहे हो, पण बोटं बघवत नाहीत! सगळीकडं खुणा. मासे साफ करताना काटे टोचतात, विळी लागते. सासू करते की मदत, पण तिचंही वय झालंय. आपल्या घरात भेंडीसुद्धा पुसून चिरणारी मुलगी ती!"

शरणम्मांनी पदर डोळ्याला लावला. आत मोटार भरताना सिद्रामप्पांच्या हातातली तार तुटली.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडं आले. इकडचं तिकडचं बोलले. भूगोल शिकवणाऱ्या माणसाला जगातलं सगळं ठाऊक असतं अशी त्यांची समजूत.

"मास्तर, मासा कापायचं विजेचं मशीन असतं का ओ?"

"अमेरिकेत असतं म्हणे. सुरीच असते, विजेवर चालणारी. निम्मीसाठी?"

"छे!" ते ताडकन म्हणाले. "मशीन म्हणून बघालोय. निम्मीचा काय संबंध?"

मशीन बघायचं तर आधी काय? लोड. आणि मासा कापायला लोड किती लागतो हे पडवळाला विचारून कळत नाही. म्हणून एका सकाळी सिद्रामप्पा मला घेऊन मासळीबाजारात निघाले. नाकाला रुमाल, डोळे जमिनीवर, मागून मी. भीमेची मासळी घेऊन बसणारी कोंडाबाई सगळ्या सोलापूरला ओळखायची.

"अगं बाई! अप्पा, तुमी हितं कुटं?"

"हा मासा," अप्पांनी रुमालातून विचारलं, "याचं हाड कुठनं कुठवर जातं?"

"घ्यायचा हाय का नुसतं इच्यारायचं हाय?"

"नुसतं विचारायचं."

कोंडाबाई इकडं तिकडं बघून पुढं वाकली. "लाजताय कशापायी? कागदात बांधून देते. वैनीला कळू देत न्हाय मी. लई मोठीमोठी मानसं नेत्यात की!"

"बाई, मला खायचा नाही. कापायला जोर किती लागतो तेवढं सांग."

"जोर?" कोंडाबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी आभाळाकडं पाहिलं. तिनं विळीवर एक मासा सरकन उभा चिरला. "ह्यो बघा जोर."

सिद्रामप्पांचे डोळे मिटले होते. घरी येईपर्यंत ते एवढंच म्हणाले, "आवाजावरनं पाव हॉर्सपॉवर पुष्कळ झाली."

संध्याकाळपर्यंत बातमी नव्या पेठेत पोचली की सिद्रामप्पा मासे खायला लागले. समाजातले दोन वडीलधारे फेटे बांधून घरी आले. बसले. पाणी प्याले. खाकरले. "सिद्रामप्पा, असं ऐकतो की तुम्ही बाजारात..."

"गेलो होतो. लोड बघायला."

"माशाचा?"

"मग काय म्हशीचा?"

फेटे परत गेले. जाताना एकानं मला दारात हळूच विचारलं, "पोरगी गेल्यापासून असं होतंय का?" मी म्हटलं, "नाही, पोरगी गेल्यापासून असं होत नव्हतं. आता कुठं व्हायला लागलंय." त्यांना ते कळलं नाही.

नव्या पेठेत चंदूशेठचं दुकान होतं. पुढच्या बाजूला साबण, कंगवे, बटणं. मागच्या खोलीत मात्र परदेशी ट्रान्झिस्टर, नायलॉनच्या साड्या आणि कुणी काही विचारलं की हसणारा चंदूशेठ. सिद्रामप्पांनी सुरी सांगून ठेवल्यावर महिनाभरानं त्यानं निरोप पाठवला, "माल आलाय. एक मागितली होती, तीन आणल्यात. बघून घ्या."

असं बघणं मी पाहिलं नाही. सून पसंत करतानासुद्धा लोक एवढं बघत नाहीत. तीन सुऱ्या कापडावर मांडल्या. प्रत्येकीला दोन दातेरी पाती, अंगाला अंग लावून. बटण दाबलं की एक पुढं एक मागं. "मागाच्या धोट्यासारखं चालतंय की!" सिद्रामप्पांचा चेहरा उजळला.

पहिली सुरी आपल्या विजेवर चालणारी, मजबूत, पण मूठ जाडजूड. दुसरी अमेरिकेची, मूठ अशी नाजूक की बघत राहावं, पण वीज निम्म्या दाबाची लागणार. चंदूशेठ उत्साहानं ती प्लगमध्ये खुपसायला निघाला तर सिद्रामप्पा अंगावर धावून गेले, "जळेल! एका क्षणात जळेल! तू साबण विक!" तिसरी होती बॅटरीवर चालणारी, होडीत बसून वापरायची. तिला तर त्यांनी हातसुद्धा लावला नाही. "बॅटरी म्हणजे उसनी वीज. दोन मासे कापेल आणि तिसऱ्याला मान टाकेल. सोलापूरच्या माणसानं बॅटरी घ्यायची होय? बेडा!" बेडा म्हणजे नको. राग आला की ते कन्नडमध्ये शिरायचे.

मग त्यांनी खिशातून एक वस्तू काढली. हिरवी काचेची बांगडी. ती पहिल्या सुरीच्या मुठीवर चढवायला गेले, अडली. दुसरीच्या मुठीवरून ती अलगद घसरली आणि थोडी जागाही उरली.

"हे काय, अप्पा?" चंदूशेठनं विचारलं.

"गेज आहे. मापाचं."

"बांगडीचं?"

"मोटारवाल्यांची असतात अशी गेजं. तुला काय कळतंय?"

मी चंदूशेठच्या पायावर पाय दिला. ती बांगडी निम्मी लग्नाआधी घरी विसरून गेलेली होती आणि शरणम्मांच्या डब्यात असायची, हे मला बायकोनं नंतर सांगितलं. पण त्या वेळी सांगायची गरज नव्हती. त्या माणसानं ती परत खिशात ठेवताना कशी ठेवली ते मी पाहिलं होतं.

अमेरिकन सुरी पक्की झाली. राहिला विजेचा प्रश्न. तो सिद्रामप्पांच्या दृष्टीनं प्रश्नच नव्हता. वीज निम्मी करणारा ट्रान्सफॉर्मर त्यांनी स्वतः घरी गुंडाळला. दिवसा गिऱ्हाइकांच्या मोटारी पडून राहिल्या, मागवाले दारात येऊन शिव्या देऊन गेले, आणि हे ओसरीवर बसून तारेचा वेढा वेढ्याला चिकटवतायत. "घरात बायकामाणसं वापरणार. शॉक बसला तर?" असं म्हणून त्यांनी त्यावर एवढं लोखंड आणि एवढा कागद चढवला की तो उचलायला मी आणि ते, दोघं लागलो. मग पडवळं आली, खराटा आला, आणि तुम्ही सुरुवातीला पाहिलीत ती रविवारची सकाळ आली.

शरणम्मा हे सगळं बघत होत्या. मला चहा देताना एकदा म्हणाल्या, "बघा मास्तर, लोकांना मुलीशी बोलायला तोंड लागतं. यांना मशीन लागतं."

"पोस्टानं पाठवून द्या की," मी मुद्दामच म्हटलं.

"पोस्टानं?" सिद्रामप्पा उखडले. "पोस्टवाले आपटतील. आणि कनेक्शन कोण जोडणार? तुम्ही? मला स्वतः जावं लागणार. आणि तुम्ही बरोबर चला."

"मी कशाला? शरणम्मांना न्या."

शरणम्मा आतूनच म्हणाल्या, "मी येणार नाही. मी आले की हे माझ्या मागं लपतील."

निघालो. सोलापूर ते कोल्हापूर, कोल्हापूरहून घाट उतरून खाली. एस.टी.च्या खिडकीतून सिद्रामप्पा एरवी फक्त विजेचे खांब बघतात. कुठल्या गावचा खांब वाकलाय, कुठं तार ढिली आहे, यावर त्यांचं प्रवासवर्णन चालतं. घाट उतरेपर्यंत तेच चाललं. खाली आल्यावर हवा दमट झाली, माड दिसायला लागले आणि ते गप्प झाले. मांडीवरच्या सुरीच्या खोक्याकडं बघत बसले. मी म्हटलं, "अप्पा, बाहेर बघा, समुद्र." त्यांनी बघितलं नाही. "काय बोलायचं ओ मास्तर तिथं गेल्यावर?" त्यांनी विचारलं.

"मशीनबद्दल बोला."

"ते तर बोलीनच. त्याच्यानंतर?"

त्यांच्या मांडीवरचा खोका घसरत होता, तो मी सरळ केला.

शेवटी खाडी होडीनं ओलांडायची होती. होडीवाल्यानं ट्रान्सफॉर्मर बघून विचारलं, "ह्यां काय हा?" "लोड आहे," सिद्रामप्पा म्हणाले, आणि त्या एका वेळी ते अगदी खरं होतं, कारण होडी एका बाजूला कलली होती.

पलीकडच्या काठावर प्रभाकर उभा होता. शरणम्मांनी आम्ही येतोय हे कळवून ठेवलेलं. त्यानं वाकून नमस्कार केला आणि काही बोलायच्या आत ट्रान्सफॉर्मर खांद्यावर घेऊन चढ चढायला लागला. मागून सिद्रामप्पा धावत, "सावकाश ओ, सावकाश! आपटू नका! खाली बघा, दगड आहे!" सासऱ्यानं जावयाला उद्देशून काढलेले हे पहिले शब्द. प्रभाकरचे कान लाल झाले होते, पण मला वाटतं, आनंदानं.

दारात निम्मी उभी. थोडी सावळी झालेली, अंगानं भरलेली. "अप्पा," ती म्हणाली.

सगळ्या वाटेवर सिद्रामप्पा जे शोधत होते ते शब्द अखेर बाहेर पडले, लेकीला लाडानं मारायच्या कन्नड हाकेसकट.

"प्लग कुठं आहे, यव्वा?"

निम्मीनं प्रभाकरकडं पाहिलं. प्रभाकरनं आपल्या आईकडं पाहिलं.

"प्लग?" निम्मी म्हणाली. "अप्पा, गावात अजून वीज कुठं आली आहे?"

मी छताकडं पाहिलं. कौलं. आढ्याला टांगलेला कंदील. मग वाटेवरचा शेवटचा खांब आठवायचा प्रयत्न केला. तो खाडीच्या कितीतरी अलीकडंच राहून गेला होता. आणि खांबांखेरीज काही न बघणारा हा माणूस नेमका तेव्हा मांडीवरच्या खोक्याकडं बघत होता.

माझ्या तोंडून निघालं, "ती बॅटरीवरची..." सिद्रामप्पांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पुढचं गिळलं.

"पण आईला माहीत आहे की!" निम्मी म्हणाली. "मी तिला लग्नानंतर पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, आमच्याकडं कंदील आहेत म्हणून."

माझ्या डोळ्यांसमोर शरणम्मा आल्या. पंधरवडा हा माणूस तार गुंडाळत होता, आणि त्या चहाचा कप शेजारी ठेवून, तोंड घट्ट मिटून, आत जात होत्या. सांगितलं असतं तर हे आले असते का?

सिद्रामप्पांनाही ते त्याच क्षणी कळलं असावं. ते पायरीवर बसले. रागावतील असं वाटलं, पण ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "फसवलं की बाईनं," ते पुटपुटले.

"येवा, आत बसा," निम्मीची सासू म्हणाली. "आज आमच्याकडे मासळी-वशाट नाय. तुमच्यासाठी चूल सारवून घेतलंय."

"नको, नको," सिद्रामप्पा गडबडीनं म्हणाले. "माझ्यासाठी बंद नका ठेवू. रोजचं चालू दे. मी... मी बघायला आलोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभाकर टोपलीभर बांगडे घेऊन आला. मागच्या अंगणात निम्मी विळी घेऊन बसली. सिद्रामप्पा शेजारी दगडावर. नाकाला रुमाल नव्हता. निम्मीनं एक बांगडा उचलला, डोकं, शेपूट, पोट, धुतला, टाकला. दुसरा. तिसरा. कुठं अडलं नाही, थांबलं नाही. डोकं वर करून ती सासूशी बोलतही होती. सुरी खोक्यात, घरात पडली होती, आणि तिची आठवण कुणाला नव्हती.

मध्येच सिद्रामप्पांनी हात पुढं केला आणि तिचं मनगट धरलं. तिचा ओला, वासाचा हात त्यांनी उताणा केला, आणि तारेचा जोड तपासतात तसं एकेक बोट तपासलं. खुणा होत्या. जुन्या, पांढऱ्या पडलेल्या.

"टोचतं?"

"आता नाही टोचत, अप्पा. पहिल्या वर्षी टोचायचं."

"मग सांगायचं की तेव्हा."

"कुणाला?"

तिनं अगदी साधेपणानं विचारलं. त्यात तक्रार नव्हती. सिद्रामप्पांनी हात सोडला नाही. सासू कावळे हाकलायच्या निमित्तानं उठून गेली. मी बांगडे मोजतोय असं दाखवत राहिलो.

दुपारी मी झोपून उठलो तर घरात सगळे सिद्रामप्पांच्या मागून फिरत होते. हातात चुलीतला कोळसा. "वीज कधी येणार म्हणतात?" त्यांनी प्रभाकरला विचारलं. पुढच्या वर्षी खाडी ओलांडेल असं बोलतात, तो म्हणाला. "बोलतात ना? मग आत्ताच ठरवून ठेवा. नंतर वायरमन येतो आणि कुठंही भोकं पाडतो." मग सारवलेल्या भिंतींवर काळ्या फुल्या पडायला लागल्या. स्वयंपाकघरात दिवा इथं. मागच्या दाराशी, जमिनीपासून हातभर उंचीवर, विळीजवळ प्लग इथं. खाली बसून हात पोचला पाहिजे. देवाजवळ एक. निम्मी वह्या तपासते तिथं एक, डाव्या बाजूनं, सावली पडू नये म्हणून.

शेवटी ते बाहेर ओसरीवर आले. खांबाजवळच्या भिंतीला पाठ टेकून क्षणभर बसून बघितलं, मान वर केली, उठले, आणि तिथं एक फुली मारली.

"इथं कशाला, अप्पा?" निम्मीनं विचारलं. "ओसरीवर रात्री कुणीच नसतं."

"इथं दिवा. पेपर वाचायला."

"आमच्याकडं रात्री पेपर कोण वाचतं?"

सिद्रामप्पा भिंतीकडंच बघत होते. "मी वाचतो की," ते म्हणाले.

निम्मीनं त्यांच्या बोटांतून कोळसा काढून घेतला आणि ती फुली पुन्हा एकदा, दाबून, गिरवली.